काळी माती आणि सर्व्हरची खोली

सर्व्हर, म्हणजे अनेक संगणकांना एकाच वेळी माहिती पुरवणारा आणि रात्रंदिवस चालू राहणारा संगणक, बसवण्यापूर्वी जागेची कोणती तयारी असावी याचे कोष्टक उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. विजेचा दाब किती असावा, हवेचे तापमान आणि आर्द्रता कोणत्या मर्यादेत राहावी, जमिनीवर किती भार येईल, अर्थिंग कसे असावे, एवढ्या बाबी त्यात दोन-तीन पानांत उरकलेल्या असतात. हे आकडे जगभर सारखेच छापले जातात. ज्या जमिनीवर, ज्या हवेत आणि ज्या वीजवाहिनीवर ते प्रत्यक्षात उतरवायचे असतात त्या मात्र गावोगाव वेगळ्या असतात. सोलापुरातील सहकारी बँका, रुग्णालये, महाविद्यालये, टॉवेल-चादरींचे निर्यातदार आणि जिल्ह्यातील साखर कारखाने यांच्यासाठी अशा खोल्या उभारणाऱ्या वायरमन, ठेकेदार व संगणक अभियंत्यांच्या कामातून जी समज तयार होते, तिचा गाभा एवढाच की कोष्टकातील प्रत्येक आकडा वर्षातील सर्वांत वाईट दिवशी तपासायचा असतो, आणि सोलापुरात तो दिवस बहुतेक वेळा मे महिन्यात येतो.

देशाच्या वीजजाळ्याच्या इतिहासात सोलापूरचे स्थान ठळक आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारतातील जाळी कोसळली तेव्हा दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकाच वारंवारतेने जोडलेले नव्हते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि संपूर्ण देश ५० हर्ट्झच्या एकाच ठेक्यावर चालू लागला. पुढे शहराजवळ एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संचही उभे राहिले. तरीही सर्व्हरच्या सॉकेटवर येणाऱ्या विजेची प्रत या भव्य यंत्रणेवर ठरत नाही. ती ठरते गल्लीतल्या रोहित्रापासून खोलीपर्यंतच्या शेवटच्या काही शे मीटरांत. ज्या वाहिनीवर यंत्रमागांच्या मोटारींचा भार मोठा असतो, तिच्या शेवटच्या टोकाला दिवसा दाब उतरलेला आढळतो आणि माग थांबले की तो चढतो. मागांसाठी बसवलेले कपॅसिटर रात्रीही जोडलेले राहिले तर ही चढ आणखी वाढते. म्हणून सकाळी अकराला मल्टिमीटर लावून घेतलेल्या एका नोंदीवर विसंबणे चुकीचे आहे. किमान एक आठवडा, ज्यात मागांच्या सुटीचा दिवसही येईल, दाबाची सलग नोंद घेणारे उपकरण लावल्याशिवाय त्या जागेविषयी काहीही ठामपणे बोलता येत नाही.

या नोंदीतून एक दिलासादायक गोष्टही कळते. लघुदाबाच्या ग्राहकाला घोषित दाबाच्या सहा टक्के अलीकडे-पलीकडे वीज मिळावी असा वितरणाचा दंडक आहे, म्हणजे २३० व्होल्टसाठी साधारण २१६ ते २४४. सर्व्हरचा वीजपुरवठा संच मात्र सहसा २०० ते २४० व्होल्टसाठी बनवलेला असून त्याला दोन्ही बाजूंना सुमारे दहा टक्क्यांची सूट असते. वारंवारतेतील किरकोळ चढउतारही त्याला जाणवत नाहीत. त्याची खरी दुर्बलता क्षणिक खंडात आहे. संगणक उद्योगाने मान्य केलेल्या सहनशक्तीच्या आलेखानुसार वीज पूर्णपणे गेली तर अशा उपकरणाने २० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झच्या लाटेचे जेमतेम एक आवर्तन, तग धरावा एवढीच अपेक्षा असते. दिवा नुसता लुकलुकला असे ज्याचे वर्णन केले जाते तो खंड याहून मोठा असू शकतो. लांबलेल्या लोडशेडिंगची काळजी सर्वच घेतात, पण या लुकलुकीसाठीच सतत दुहेरी रूपांतर करणारा ऑनलाइन यूपीएस लागतो, जो बाहेरून येणारी वीज आधी एकदिश आणि मग पुन्हा प्रत्यावर्ती करून देत असल्याने बॅटरीवर जाताना मधला एक क्षणही रिकामा सोडत नाही. घरगुती इन्व्हर्टर हे काम करू शकत नाही.

विजेच्या बाजूचा सर्वांत गंभीर धोका मात्र न्यूट्रलचा आहे. तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा जोडणीत प्रत्येक फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट, तर दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. खांबावरील किंवा मुख्य पेटीतील न्यूट्रलचा सांधा सैल झाला वा तुटला, तर वेगवेगळ्या फेजवरील उपकरणे एकमेकांशी साखळीत जोडल्यासारखी होतात, आणि ज्या फेजवर भार कमी असतो तिच्यावरील उपकरणांना ४०० च्या दिशेने सरकणारा दाब सोसावा लागतो. सर्व्हरचे वीजपुरवठा संच या धोक्यात आपणही भर घालतात. ते लाटेच्या माथ्यावरच विद्युतप्रवाह ओढतात, त्यामुळे मूळ ५० हर्ट्झबरोबर १५० हर्ट्झचा तिसरा हार्मोनिक निर्माण होतो, आणि तिन्ही फेजमधील हे तिसरे हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना छेद न देता एकत्र येतात. आधुनिक संचांमध्ये यावर बराच उतारा असला तरी जुने यूपीएस, दिवे आणि साधे संगणक त्याच न्यूट्रलवर असतात; म्हणून न्यूट्रलची तार फेजच्या निम्मी धरण्याची जुनी सवय येथे सोडावी लागते आणि ती निदान फेजएवढी तरी जाड घ्यावी लागते. सैल सांधा गरम होतो, आणि तो हात न लावता तापमान मोजणाऱ्या साध्या उपकरणानेही सापडतो. वर्षातून दोनदा पेटी उघडून सांधे तपासणे आणि घट्ट करणे हे काम कागदावर क्षुल्लक दिसते, परंतु खर्चाच्या मानाने एवढा लाभ देणारी दुसरी दक्षता नाही.

आता अर्थिंग. सोलापूरच्या परिसरात या विषयाला जे महत्त्व आहे ते पुस्तिकेतील एका ओळीवरून कळत नाही. अर्थिंग म्हणजे उपकरणांचे धातूचे अंग जमिनीशी जोडणे, आणि ही जोडणी किती चांगली हे जमिनीचा विद्युतरोध ठरवतो. सोलापूरची काळी माती ओली असताना वीज उत्तम वाहून नेते, कारण तिच्यातील बारीक चिकणकण पाणी व क्षार धरून ठेवतात. हेच कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. उन्हाळ्यात जमिनीला ज्या भेगा पडतात त्या शेतकऱ्याच्या परिचयाच्या आहेत. त्याच भेगा अर्थिंगच्या नळीभोवती पडल्या की माती नळीला सोडून मागे सरते, मध्ये हवेची पोकळी राहते आणि पावसाळ्यात एक-दोन ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात त्याच्या कितीतरी पट रोध दाखवू लागतो. ज्या ओलीवर सोलापूरच्या पठारातली मालदांडी ज्वारी रब्बीत एकही पाऊस न पडता पिकते, त्याच साठवलेल्या ओलीवर अर्थिंगचा खड्डाही जगतो, आणि ज्वारी निघाल्यानंतर ती ओल उरत नाही. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र १९३३ मध्ये सोलापुरातच उघडावे लागले ते याच हवामानामुळे. वीजकामाच्या पाठ्यपुस्तकांत मात्र या मातीच्या ऋतुमानाची स्वतंत्र दखल क्वचितच घेतलेली दिसते, आणि ही मोठीच उणीव आहे.

मातीच्या खाली मुरूम आणि त्याखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. मातीचा थर कोठे पुरुषभर खोल तर कोठे हातभरच असतो, आणि खडक लागला की रोध एकदम वाढतो, मग नळी आणखी खोल उतरवूनही उपयोग होत नाही. अशा ठिकाणी एकच खोल खड्डा घेण्याऐवजी अनेक उथळ नळ्या, त्यांच्या लांबीच्या सुमारे दुप्पट अंतरावर पुरून, जस्ताच्या मुलाम्याच्या पट्टीने परस्परांशी जोडणे अधिक फलदायी ठरते. नळ्या एकमेकींच्या फार जवळ घेतल्या तर त्या मातीचा तोच भाग वापरतात आणि संख्या वाढूनही रोध त्या प्रमाणात उतरत नाही. कोळसा आणि मीठ भरण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, परंतु मीठ पावसाबरोबर वाहून जाते आणि राहिलेले मीठ लोखंडी नळी खाते. बाजारात त्याऐवजी बेंटोनाइटचे मिश्रण मिळते. ते बहुतांशी मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे, म्हणजे काळ्या मातीतील चिकणकणांच्याच कुळातले असते. त्यामुळे ते ओल चांगली धरते, पण पूर्ण वाळू दिले तर तेही आकसते. तात्पर्य, कोणतेही मिश्रण घातले तरी खड्ड्याला पाणी द्यावेच लागते, आणि ज्या शहरात नळाला अनेक वर्षे काही दिवसांच्या अंतराने पाणी येत आले आहे तेथे हे पाणी कोठून आणि कोण घालणार याचे उत्तर आराखड्यातच असायला हवे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी नळीने खड्ड्यात सोडण्याची युक्ती अनेक ठिकाणी केलेली आढळते. ती योग्य आहे. मात्र हवा अत्यंत कोरडी असते त्या दिवसांत नेमके तेच पाणी सर्वांत कमी मिळते, हे ध्यानात ठेवून वेगळी सोय राखावी लागते.

अर्थिंगविषयी आणखी एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे. खड्डा एक ओहमचा झाला की माणूस सुरक्षित झाला, असे मानले जाते. फेजची तार रॅकच्या, म्हणजे सर्व्हर ज्यात बसवतात त्या लोखंडी कपाटाच्या अंगाला लागली आणि परतीचा मार्ग केवळ मातीतून असला, तर ५ ओहमच्या मार्गातून २३० व्होल्टला ४६ अँपिअरच प्रवाह वाहतो. ३२ अँपिअरचा साधा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप पडणारा स्विच, तत्काळ पडण्यासाठी त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे किमान १६० अँपिअर लागतात. परिणामी एमसीबी लगेच पडत नाही आणि कपाट तोवर जिवंत राहते. म्हणूनच रोहित्राच्या न्यूट्रलपर्यंत धातूच्या तारेने अखंड जाणारा परतीचा मार्ग, किंवा तो नसेल तेथे गळती ओळखून पुरवठा तोडणारा आरसीसीबी आवश्यक ठरतो. येथे दुसरी अडचण उभी राहते : प्रत्येक वीजपुरवठा संचातील गाळणीतून थोडी गळती अर्थमध्ये सतत होतच असते, एका संचाची एक-दोन मिलिअँपिअर धरली तरी दोन-दोन संचांचे दहा सर्व्हर एकत्र आले की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी कारण नसताना पडू शकतो. त्यावर उपाय म्हणजे भार अनेक परिपथांत विभागणे. गळतीचे संरक्षण काढून टाकणे हा उपाय नव्हे, आणि तसे जेथे केलेले दिसते तेथे काम थांबवून ते आधी दुरुस्त करण्याचा आग्रह धरणे हे त्या कामगाराचे कर्तव्य आहे.

संगणकाला 'स्वच्छ' अर्थ हवा म्हणून इमारतीच्या अर्थिंगपासून पूर्णपणे तोडलेला वेगळा खड्डा घेण्याची प्रथाही याच गैरसमजातून आली. स्वतंत्र खड्डा घेण्यास हरकत नाही, पण तो इमारतीच्या बाकी खड्ड्यांशी जोडलेला असलाच पाहिजे, आणि अर्थिंगविषयीचे भारतीय मानक ३०४३ हेही सर्व धातूंची पातळी समान ठेवण्यावरच भर देते. कारण वीज कोसळते तेव्हा जमिनीच्या दोन बिंदूंमध्ये हजारो व्होल्टचा फरक क्षणभर निर्माण होतो, आणि एक बाजू एका खड्ड्याला व दुसरी बाजू दुसऱ्या खड्ड्याला बांधलेली असेल तर तो फरक नेटवर्कच्या तारेतून सर्व्हरच्या पोटातून वाट काढतो. सोलापुरात या धोक्याची वेळ विशेष वाईट आहे. एप्रिल-मेमधील वळवाचा पाऊस मेघगर्जनेसह येतो, म्हणजे विजा जेव्हा कडाडतात तेव्हाच जमीन वर्षभरात सर्वाधिक कोरडी असते. मुख्य पेटीत, उपपेटीत आणि रॅकजवळ अशी तीन पायऱ्यांची लाटरोधक उपकरणे बसवली तरी ती अतिरिक्त ऊर्जा शेवटी जमिनीतच टाकतात. त्यांना जाणारी तार आखूड, सरळ आणि भक्कम असणे हे उपकरणाच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे असते. अर्थ टेस्टरने रोध मोजण्याची तारीख म्हणूनच वळवाच्या आधीची असावी; ऑगस्टमध्ये घेतलेले प्रमाणपत्र ऑगस्टपुरतेच खरे असते.

थंडाव्याचा हिशेब त्या मानाने सरळ आहे. सर्व्हर जेवढी वीज घेतो तेवढी जवळपास सर्व उष्णता होऊन बाहेर पडते. १ किलोवॅट म्हणजे ताशी सुमारे ३४१२ बीटीयू, आणि वातानुकूलनातील एक टन म्हणजे ताशी १२००० बीटीयू. तेव्हा ४ किलोवॅटच्या भाराला कागदावर १.१४ टन पुरतात. पण साध्या स्प्लिट एसीची क्षमता बाहेरची हवा ३५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, बाहेरचे यंत्र गच्चीवर पत्र्याच्या सावलीत ठेवलेले असते, आणि पत्र्याखालची हवा पन्नाशीला टेकते. त्यातच साधा एसी आपल्या शक्तीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग हवेतील बाष्प काढण्यात खर्च करू शकतो, जे सर्व्हरला नकोच असते. म्हणून वरच्या उदाहरणात प्रत्येकी दोन टनांची दोन यंत्रे आळीपाळीने चालवणे, पश्चिमेची भिंत टाळणे आणि थंड हवा रॅकच्या पुढच्या बाजूने शिरून गरम हवा मागून निघेल अशी मांडणी ठेवणे, हे चैनीचे वाटले तरी किमान आहे. अमेरिकेतील अ‍ॅशरे या अभियंत्यांच्या संस्थेने सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंशांची शिफारस केली आहे. खोली १६ अंशांवर गोठवून ठेवण्याची जी धडपड अनेक ठिकाणी दिसते तिने वीज वाया जाते आणि यंत्रे लवकर थकतात.

आर्द्रतेबाबत सोलापूरकडे संगणकांच्या कितीतरी आधीचे ज्ञान आहे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून या शहराने सूत सांभाळण्यासाठी हवा सांभाळली. सुती विणकामाच्या शेडमध्ये सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के आणि त्याहून वर ठेवतात, कारण कोरडे सूत तुटते आणि त्यावर स्थिर विद्युतभार साचतो. सर्व्हरला हीच भीती वेगळ्या कारणाने असते : कोरड्या हवेत माणसाच्या बोटावर साचलेला भार परिपथाच्या सूक्ष्म भागांवर उतरतो. पण सर्व्हरची वरची मर्यादा ६० टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे मागाच्या शेडमधली हवा त्याला चालत नाही. येथे सापेक्ष आर्द्रतेचा आकडा फसवा ठरतो. बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असलेली रखरखीत हवा २४ अंशांपर्यंत नुसती थंड केली तर तीच सुमारे ५० टक्के आर्द्रतेची होते, कारण थंड हवेची बाष्प धरण्याची ताकद कमी असते. उन्हाळ्यात खोली फार कोरडी झाली तर त्याचे कारण बहुधा बाहेरचे हवामान नसून एसीच्या अतिथंड नळ्यांनी काढून घेतलेले बाष्प असते, आणि उपाय म्हणजे यंत्राचे तापमान थोडे वर ठेवणे. सोलापुरी घराघरांत चालणारा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मात्र येथे निषिद्धच मानावा. तो ४० अंशांची हवा २५-२६ पर्यंत उतरवतो खरा, पण तिला ७५-८० टक्क्यांची ओल देऊन, आणि बोअरच्या जड पाण्यातील क्षारही तिच्याबरोबर पाठवून.

धुळीचा प्रश्न उद्योगानुसार बदलतो. १ किलोवॅटचा भार हवेचे तापमान १२ अंशांनी वाढवून थंड राहायचा असेल तर ताशी सुमारे २५० घनमीटर हवा त्यातून जावी लागते. म्हणजे ४ किलोवॅटचा रॅक मध्यम आकाराच्या खोलीतली सगळी हवा तासातून पंचवीसहून अधिक वेळा स्वतःतून ओढून घेतो. टॉवेलच्या कारखान्यात त्या हवेबरोबर सुताचे तंतू येतात आणि उष्णता सोडणाऱ्या पातळ पत्र्यांमध्ये नमद्यासारखे दाटतात. साखर कारखान्यात गाळपाच्या हंगामात बगॅसचे, म्हणजे उसाच्या चिपाडाचे, भुसकट उडते, आणि रस शुद्ध करण्यासाठी जळणाऱ्या गंधकाचा धूर तांब्या-चांदीच्या संपर्कबिंदूंना काळे करतो. तेथे वजनकाट्याच्या व ऊसबिलांच्या सर्व्हरची खोली गंधकाच्या भट्टीपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला घेणे आणि दरवाजा दुहेरी करणे हे कोणत्याही गाळणीपेक्षा अधिक काम करते.

जमिनीच्या भाराबद्दल थोडेच सांगणे पुरे. भरलेला रॅक ८०० किलोंपर्यंत जातो आणि तो जेमतेम पाऊण चौरस मीटरवर उभा असतो. वीस मध्यम बॅटऱ्यांचा संच चारशे किलोंच्या घरात जातो. राहत्या घराची फरशी साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर धरून बांधलेली असते. जुन्या पेठेतील माळवदाच्या वाड्यात वरच्या मजल्यावर ही सामग्री नेऊ नये.

बॅटरी आणि थंडावा यांचा संबंध मात्र विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण खरेदीच्या वेळी सर्वाधिक गफलत येथेच होते. अर्ध्या तासाऐवजी दोन तासांची बॅटरी घेतली की निर्धास्त झालो, असा समज असतो. पण एसी यूपीएसवर नसतो. वीज गेल्यावर ४ किलोवॅटची उष्णता छत्तीस घनमीटर हवेच्या बंद खोलीत साचू लागते. केवळ हवेचाच विचार केला तर तापमान मिनिटाला पाच-सहा अंशांनी चढावे, आणि भिंती, रॅक व फरशी उष्णता पित असल्यामुळे ते प्रत्यक्षात हळू चढले तरी दोन तासांची बॅटरी संपण्याच्या कितीतरी आधी सर्व्हर स्वतःला बंद करून घेतात. शिवाय सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळपास निम्मे होते, त्यामुळे जिन्याखाली कोंडलेला मोठा संच दोन उन्हाळ्यांत निकामी होणे यात नवल नाही. दहा-पंधरा मिनिटांची बॅटरी थंड खोलीत ठेवणे आणि उरलेला पैसा स्वतः सुरू होणाऱ्या डिझेल जनरेटरवर व त्याला जोडलेल्या एसीवर खर्च करणे हे अधिक शहाणपणाचे. जनरेटरचा न्यूट्रल इमारतीच्या अर्थिंगशी नीट बांधलेला आहे का, आणि वीज परत आल्यावर एसी कोणी बटण न दाबता पुन्हा चालू होतो का, या दोन गोष्टी स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात. दुसरी तर सुट्टीच्या रात्री पाहणारे कोणीच नसते.

या सर्व जोडण्यांची परीक्षा हस्तांतरणाच्या दिवशी थंड सकाळी, रिकाम्या रॅकवर घेण्याचा प्रघात आहे. ती मे महिन्यात दुपारी तीन वाजता, पूर्ण भार चालू असताना आणि सर्व्हरवरील माहितीची राखीव प्रत सुरक्षित करून झाल्यावर, मुख्य स्विच प्रत्यक्ष खाली पाडून घ्यावी. जनरेटर किती सेकंदांत भार उचलतो, रॅकच्या पुढच्या बाजूचे तापमान कोठवर चढते, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील दाब दोन-तीन व्होल्टच्या आत राहतो का, आणि त्याच दिवशी अर्थ टेस्टर काय दाखवतो, हे चार आकडे तारखेसह दाराच्या आतल्या बाजूला लावलेल्या वहीत लिहावेत. पुढच्या मे महिन्यात हीच परीक्षा पुन्हा घेऊन नवे आकडे त्यांच्याखाली लिहिले म्हणजे, माती किती सरकली आणि यंत्रे किती थकली, ते दुरुस्तीची वेळ टळून जाण्याआधी समजते.